जागल

समृद्धी वाघमोडे रोज सकाळी आधी नाकानं जागी व्हायची, डोळे नंतर उघडायचे. आधी तो वास यायचा, आंबूस, खवट, नाकात ठाण मांडून बसणारा. मग पाठीखालचा गारवा कळायचा, मग मांड्यांना चिकटलेली पँट. आणि मग स्वतःलाच हासडलेली तीच रोजची शिवी: शी!

वय चौदा वर्षं सात महिने. खो-खोमध्ये अख्ख्या तालुक्यात तिच्यासारखी पळती नाही, तिला बाद करता करता समोरच्या पोरींच्या तोंडाला फेस यायचा. आणि ही बाई अजून अंथरूण ओलं करते. आता हे सांगायचं कुणाला?

सांगितलं कुणालाच नव्हतं. तरी गल्लीला माहीत होतं, कारण गल्लीला नाक असतं. तिची आई, सारिका, उजाडायच्या आत गोधडी उचलायची, मागच्या न्हाणीत बदाबदा आपटायची आणि शेवग्याच्या आड वाळत घालायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तांब्या लवंडला." वर्षाला तीनशे तांबे लवंडणारं दुसरं घर कुरणवाडीत नव्हतं, पण हे बोलून दाखवण्याइतकं वाईट कुणी नव्हतं. शेजारची कमलकाकू सोडून.

उपाय काय कमी झाले होते? काळे तीळ नि गूळ झाला. दिवस मावळला की पाणी बंद झालं. कमलकाकूच्या सांगण्यावरून कोंबड्याचा वाळवलेला तुरा तव्यावर भाजून, कुटून, गुळाच्या खड्यात घालून दिला गेला. काय खाल्लं ते समृद्धीला खाल्ल्यावर कळलं, आणि तिनं उंबऱ्यातच भडाभडा ओकून टाकलं. आप्पा, म्हणजे तिचे वडील, ऊसतोडणीचं यंत्र चालवायचे. सहा महिने बाहेर. घरी असले की सकाळी नाकाला टॉवेल लावून घराबाहेर पडायचे. एकदा म्हणाले, "जनावर बरं, ते आपल्या बसायच्या जागी तरी मुतत नाही." आई ओरडली त्यांच्यावर. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि समृद्धीला पटलंही होतं, हे जास्त वाईट.

बरं, उठवून न्यावं तर झोप अशी की आईनं गदागदा हलवलं तरी ढिम्म. आणि कधी चुकून जाग आलीच, तर बाहेर जायची हिंमत नाही. गावातल्या एसटीला ड्रायव्हर उरला नव्हता, गाडी आपली आपण चालायची आणि थांबा आला की गोड आवाजात गावाचं नाव घ्यायची. एवढं सगळं झालं, पण वाघमोड्यांचा संडास अजून अंगणाच्या पार टोकालाच. त्याचं पत्र्याचं दार वाऱ्यानं हलायचं, आणि समृद्धीला अर्धवट झोपेत दिसायचं की दारात कुणीतरी उभं आहे. तोंड नसलेलं. नुसतं उभं. दिवसा तिला स्वतःचं हसू यायचं. रात्री ती गोधडी डोक्यावरून घ्यायची, घट्ट डोळे मिटायची, आणि पुढचं सकाळी नाकाला कळायचं.

जूनमध्ये कलशेट्टी मॅडम घरी आल्या. मॅडम तिच्या प्रशिक्षक. सोलापुरी आवाज, हातात शिट्टी, आणि शिकवायची पद्धत सगळ्या जिल्ह्यात निराळी. पोरींना डोळे मिटून चौकोनात बसवायच्या. कोण कुठून येतंय ते बघायचंच नाही. पाठीवर हात पडला, कानावर "खो" आला, की विचार न करता उठून पळायचं. "विचार करायचा नाही गं," त्या म्हणायच्या, "तुमची पाठ विचार करू दे." समृद्धी चार वर्षं हे करत होती.

"निवड झाली बाईची," मॅडम चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या. "पुण्याजवळचं निवासी केंद्र. राहणं, खाणं, शाळा सगळं तिथंच. जानेवारीत राज्याच्या संघाची चाचणी. चौदा मुली एका हॉलमध्ये, मजा आहे की!"

समृद्धीनं तेवढंच ऐकलं. चौदा मुली. एक हॉल. "मला नाही जायचं," ती म्हणाली.

"का गं?"

समृद्धी कप उचलायला वाकली. आणि मग आईनं, जिनं तीनशे तांबे लवंडवले होते त्या आईनं, पदर तोंडाला लावून सगळं सांगून टाकलं. समृद्धीला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी. तिनं आईकडे असं बघितलं की आईनं मान खाली घातली.

मॅडमनी मात्र नाक मुरडलं नाही. "शंभरातल्या एखाद-दुसऱ्या मुलीला या वयात असतंय हे. माझ्या संघात आधी दोघी होत्या. एकीनं खेळ सोडला. दुसरीला आता यंत्रानं बरं केलंय. सोलापुरात डॉक्टर खमितकर म्हणून आहेत. उद्याच जा."

डॉक्टर खमितकर तरुण होते, आणि त्यांचं केंद्र इतकं स्वच्छ होतं की समृद्धीला खुर्चीवर बसायला संकोच वाटला. त्यांनी मेंदूचा एक प्लास्टिकचा नमुना टेबलावर ठेवला आणि त्याची बाजूची घडी बोटानं उघडून दाखवली.

"यात तुझा दोष नाही, समृद्धी. तुझी झोप फार खोल आहे. मूत्राशय भरलं की ते मेंदूला निरोप धाडतं. इथं येतो तो निरोप, या घडीत. हिला इन्सुला म्हणतात. भूक लागली, छाती धडधडली, लघवी लागली, शरीराच्या आतल्या सगळ्या बातम्या इथंच येतात. तुझ्याही येतात. पण तुझा झोपलेला मेंदू त्या वाचत नाही."

"मग?"

"आता गंमत बघ. किळसही याच घडीत जन्मते. नासलेलं दूध नाकाशी नेलं तर तू विचार करत बसतेस का? मान आपोआप मागं जाते. विषापासून, सडक्यापासून वाचवणारी ही शरीराची सगळ्यात जुनी राखणदार. मेंदू भुकेला झोपवून ठेवेल, भीतीचं स्वप्न करून टाकेल, पण किळस आली की तो उठतो. म्हणून आम्ही लघवीच्या त्या निरोपाला किळस जोडून देतो."

यंत्राचं नाव होतं जागल, शेतावरच्या रात्रीच्या राखणीला म्हणतात तसं. ओटीपोटावर रुपयाएवढी चकती, ती ध्वनिलहरींनी मूत्राशय किती भरलं ते बघणार. कानामागं शेंगदाण्याएवढा तुकडा, तो बरोबर त्या घडीवर लहरी सोडणार. आठ आठवडे वापरायचं, मग यंत्र काढलं तरी मेंदू आपला आपण उठतो.

"फक्त एक आहे," डॉक्टर म्हणाले. "नुसती मळमळ दिली तर मेंदू आठ दिवसांत सरावतो. किळस कशाची तरी असावी लागते. ज्या वासाची तुला स्वतःला घाण वाटते तोच वास जोडायचा. तीन बैठका घेऊ. तू गुंगीत असशील, आम्ही तो वास नाकाशी सोडू आणि त्याच क्षणी घडीला जागवू. तर ताई, परवा येताना ओलं अंथरूण आणायचं. धुवायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, जसंच्या तसं."

"जसंच्या तसं?" आईनं विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"जसंच्या तसं."

परवाच्या दिवशी समृद्धीनं पिशवीकडे बघितलंच नाही. बसमध्ये ती चार सीट पुढं जाऊन बसली. केंद्रात आईनं पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मास्क लावलेल्या मदतनिसानं दोन बोटांच्या चिमटीत पिशवी उचलली, हात लांब धरून आत नेली आणि एका पेटीच्या नळीला तशीच जोडली. आपल्या अंगातून निघालेली वस्तू दुसरं माणूस असं चिमटीत धरून नेतंय, हे तिला पाठ फिरवूनही दिसलं. आपल्याला जाळून टाकलं तरी चालेल, असं तिला वाटलं.

जागल लावल्यावर पाचव्या रात्री ती जागी झाली. साधी नाही, तोंडात पाणी सुटून, घशाशी येऊन, अंगावर काटा उभा राहून. शी, शी, शी! कशाची किळस ते कळेना, पण या अंथरुणात आणखी एक क्षण पडणं शक्य नव्हतं. ती तडक उठली, अंगण ओलांडलं, पत्र्याचं दार उघडलं. दारात कुणी उभं आहे का, हे बघायचं तिला सुचलंसुद्धा नाही. भीतीला आत शिरायला जागाच उरली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात सात सकाळी कोरड्या गेल्या. आईनं गोधडी हातानं चाचपून बघितली, नाकाला लावून बघितली, आणि मग हसत हसत आली, दोन्ही हातांनी समृद्धीच्या गालांवरून अलाबला घेतली, कानशिलावर बोटं कडाकडा मोडली.

समृद्धीच्या पोटात ढवळून आलं.

तिनं मान मागं घेतली. आपोआप. आईच्या हाताला लसणाचा वास होता, भाजलेल्या शेंगदाण्याचा होता. असणारच, आईचा शेंगाचटणीचा घरगुती धंदा. रोज पाच किलो उखळात कुटायची, सोलापूरला दुकानात द्यायची. तो वास समृद्धीनं जन्मापासून घेतला होता, त्यातच झोपली होती. आता तोच तिला मेलेल्या उंदरासारखा वाटला. पित्त झालं असेल, ती म्हणाली. आई म्हणाली, "व्हय, जागरण झालंय की." त्या दिवसापासून समृद्धी भाकरीवर चटणी घेईना. आईनं भरवायला हात पुढं केला की म्हणायची, "ठेव ताटात, खाईन मी." उखळ सुरू झालं की मैदानावर पळायची. निघायच्या दिवशी आई स्टँडवर गळ्यात पडली तेव्हा तिनं श्वास रोखून धरला, आकडे मोजले, आणि बस सुटल्यावर खिडकीतून तोंड बाहेर काढून हवा प्यायली. आपण काय करतोय याची तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा ओकारी मोठी होती.

केंद्रात सगळं छान चाललं होतं. रात्री एकदा जाग यायची, ती जायची, येऊन झोपायची. चौदा मुलींतल्या कुणाला कसला पत्ता नव्हता. शेजारच्या खाटेवर किरण पावरा होती, नंदुरबारकडच्या डोंगरातली, लांब हातांची, फटकळ. समृद्धीनं आईनं पाठवलेली चटणीची बरणी न उघडता तिला दिली. "खा तू. मला नाही आवडत."

किरणनं बोट घालून चाखली. "वेडी आहेस का? ही आवडत नाही?"

थंडी पडली तेव्हा आईनं गोधडी पाठवली. तीच. आईच्या आणि मावशीच्या जुन्या साड्यांची, निळ्या काठाची, स्वच्छ धुतलेली. समृद्धीनं खोकं उघडलं आणि तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे धावली. मग तीही किरणला दिली. ऊब मिळते म्हटल्यावर किरणनं कसले प्रश्न विचारले नाहीत. आईशी मात्र ती रोज बोलायची. पडद्यावर आई चांगली दिसायची. पडद्याला वास नव्हता.

जानेवारीत चाचणीचा सामना झाला. आई रात्रभर प्रवास करून आली होती, पहिल्या रांगेत बसून पदर सावरत होती. समृद्धीच्या संघाची आक्रमणाची पाळी होती, शेवटचं दीड मिनिट, समोरची शेवटची पळती दमलेली. समृद्धी तिच्या मागं सुसाट सुटली, पळतीनं हुलकावणी देऊन दोन खेळाडूंच्या मधून पलीकडे उडी घेतली, आणि आता एकच करायचं होतं. पुढ्यात पाठमोरी बसलेल्या किरणच्या पाठीवर हात मारायचा आणि "खो" द्यायचा. किरणनं उठून पळतीला धरलंच असतं.

किरण रात्रभर त्या गोधडीत झोपली होती. घामानं तिच्या पाठीचा वास उठला होता, लसणाचा, शेंगांचा, साडीचा. समृद्धीचा हात वितीवर आला आणि थांबला. तिनं तो मागं घेतला. तोंडानं "खो" म्हणाली, हात लागलाच नाही.

शिट्टी वाजली. फाऊल. पळती निसटली, वेळ संपली.

कलशेट्टी मॅडम सामना बघायला आल्या होत्या. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "हात का घेतलास मागं?" तेवढ्यात आई गर्दीतून वाट काढत आली, "जाऊ दे गं माझी बाय, खेळ आहे," असं म्हणत तिनं लेकीला छातीशी धरलं.

समृद्धीनं श्वास रोखायला हवा होता, पण पळून पळून छाती भरली होती, श्वास घ्यावाच लागला. ती ओकली. आईच्या अंगावर, आईच्या ठेवणीतल्या साडीवर, सगळ्यांच्या देखत.

आईनं आधी तिचं तोंड पुसलं. मग स्वतःचा पदर बघितला. मग लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि तिला कळलं. आईला कळायला डॉक्टर लागत नाही.

"समू," ती हळूच म्हणाली, "माझी घाण वाटती का गं तुला?"

दुसऱ्या दिवशी तिघी डॉक्टर खमितकरांपुढे बसल्या होत्या. समृद्धी खिडकीजवळ, आई दाराजवळ, मधे मॅडम. सगळं ऐकून डॉक्टरांनी जपून ठेवलेली नमुन्याची पेटी मागवली. सील फोडलं, पिशवीची गाठ सोडली. आत एक चिठ्ठी लावलेली, नीट घडी घातलेली चादर होती, समृद्धीची नेहमीची, गोधडीखाली घालायची. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. आणि ती बांधून आणलेली होती आईच्या एका साडीत.

डॉक्टरांनी चादर नाकाला लावली. "ही धुतलेली आहे."

त्यांनी चादर टेबलावर ठेवली आणि ते आईकडे वळले.

"ताई, मी सांगितलं होतं. जसंच्या तसं."

"सांगितलं होतं की," आई म्हणाली. "पर दुसऱ्याच्या दारात मुताचं अंथरूण कसं न्यायचं हो? पोर वयात आलेली. तुमची ती माणसं उघडणार, हुंगणार, हसणार. मला वाटलं, वास काय, धुतलं तरी यंत्राला येतच असंल. धुतली, उन्हात वाळवली, इस्त्री केली. प्लास्टिकची पिशवी बरी दिसंना, म्हणून माझ्या साडीत बांधून मग पिशवीत घातली. चटणी कुटायची साडी होती, पर धुतलेली होती. खरंच धुतलेली होती."

म्हणजे तिन्ही बैठकांत, गुंगीत पडलेल्या समृद्धीच्या नाकाशी सोडला गेला होता आईचा वास.

"आणि तुम्ही?" मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "तुमच्या लोकांनी एकदा तरी उघडून बघितली होती का?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मदतनीस म्हणाला... वास येईल म्हणून... सील करूनच जोडली." ते खाली बघायला लागले. "मीही उघडली नाही."

म्हणजे आईला लाज वाटली, मदतनिसाला घाण वाटली, डॉक्टरांना हात लावावासा वाटला नाही, आणि समृद्धी स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. किळसेवर सगळं केंद्र उभं, आणि एकालाही नाक उघडायची हिंमत झाली नाही. थू!

"सोडवता येईल," डॉक्टर म्हणाले. "तीन बैठका, उलट दिशेनं. पण स्पष्ट सांगतो, तुझी जागही याच गाठीवर उभी आहे. गाठ सुटली की जाग जाईल. अंथरूण बहुतेक पुन्हा ओलं होईल. आणि वाढत्या मेंदूवर दुसऱ्यांदा जागल लावायची परवानगी नाही, अठरा पूर्ण होईपर्यंत." त्यांनी पेटी बाजूला सारली. "दुसरा मार्ग आहे. गाठ तशीच ठेवायची. तू तिकडे, आई इकडे. वास बदलता येतो, साबण, तेल, कपडे, कामधंदा. तुला केंद्रात राहायचं असेल तर..."

"राहायचंय तिला," आई मधेच म्हणाली. खुर्चीतून पुढं सरकली, मग लेकीला त्रास नको म्हणून परत मागं सरकली. "मी चटणी बंद करते. उखळ देऊन टाकते कमलला. साड्या सगळ्या जाळते. लसूण खात नाही. डोक्याला तेल लावत नाही. आणखी काय सोडू ते सांगा, डॉक्टर. लिहून द्या. मी लांबूनच बघत जाईन तिला, काय बिघडतंय?"

समृद्धी तिच्याकडे बघत राहिली. ही बाई, जिनं चौदा वर्षं आपली घाण उजाडायच्या आत आपटून धुतली, ती आता स्वतःला धुऊन पुसून टाकायला निघाली होती, आणि वर लिहून मागत होती. समृद्धीच्या पोटात पुन्हा ढवळलं. पण ही ढवळ वेगळी होती, कानामागच्या शेंगदाण्यानं दिलेली नव्हती. ही तिची स्वतःची होती. या सगळ्याची किळस, त्या चकचकीत खोलीची, इस्त्री केलेल्या चादरीची, आणि सगळ्यात जास्त त्या कोरड्या अंथरुणाची, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

"सोडवा," ती म्हणाली.

"अगं समू, चाचणीची दुसरी फेरी आहे पुढच्या महिन्यात. चौदा जणी आहेत त्या हॉलमध्ये," आई कळवळली.

"असू दे. मुतीन मी." आजवर हा शब्द तिनं मोठ्यानं उच्चारला नव्हता. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "सोडवा, डॉक्टर. आणि या वेळी नमुना काय लागतो ते मी स्वतः आणीन. न धुता."

तिसऱ्या बैठकीनंतर गुंगी उतरली तेव्हा आई खोलीच्या पार कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, नवा साबण लावून, नवी साडी नेसून. समृद्धीनं तिला हातानं बोलावलं. ती भीत भीत आली. समृद्धीनं तिचा पदर ओढून नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

आईचे डोळे भरले.

"शी, कसला गुलाबाचा वास मारतीयेस," समृद्धी म्हणाली. "फुलवाल्याच्या दुकानासारखा. उद्यापासून चटणी कुट."

डॉक्टर खरं बोलले होते. घरी पहिल्याच सकाळी घरातली दुसरी गोधडी चिंब. आई सवयीनं उठली, घाईघाईनं ती उचलायला लागली. समृद्धीनं तिच्या हातातून घेतली, स्वतः धुतली, आणि शेवग्याच्या आड न टाकता पुढच्या दारी, रस्त्यावर दोरी होती तिथं टाकली. कमलकाकू थांबलीच. "तांब्या लवंडला का गं?"

"नाही काकू. मी मुतले."

कमलकाकूला पुढचा प्रश्न सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

केंद्रात परत गेल्यावर तिनं हॉलमध्ये उभं राहून तेच सांगितलं. काय होतं, यंत्र काय होतं, आता काय होणार. दोघी फिदीफिदी हसल्या. एकीनं आपली खाट दोन हात लांब सरकवली, आणि ती सरकवल्याचा करकर आवाज समृद्धी बरेच दिवस विसरली नाही. किरणनं रात्री थंडीला ती निळ्या काठाची गोधडी तिच्या अंगावर टाकली. पहिल्या सकाळी उठून नाक दाबून फक्त एवढं म्हणाली, "काय घाण वास आहे गं. आमच्या शेळ्यासुद्धा बऱ्या." मग गोधडीचं दुसरं टोक धरून पिळायला लागली. "सोड ना, मी करते," समृद्धी म्हणाली. "गप. गोधडी आता माझी आहे. तू दिलीस."

दुसऱ्या रात्री किरणनं घड्याळात दोनचा गजर लावला. दोनला उठून तिला हाका मारल्या, हलवलं, पाय ओढला. ढिम्म. शेवटी झोपमोडीनं वैतागून, समृद्धी कुशीवर वळलेली होती तिच्या पाठीत तिनं फाडकन हात मारला आणि ओरडली, "खो!"

समृद्धी उभी. डोळे मिटलेले, पण दोन्ही पायांवर, पुढं झुकून, पळायच्या तयारीत. चार वर्षांत कलशेट्टी मॅडमनी तिच्या पाठीला विचार करायला शिकवलं होतं. त्या पाठीला झोप वगैरे काही माहीत नव्हतं.

हॉलमधल्या अर्ध्या पोरी दचकून उठल्या, शिव्या देऊन परत झोपल्या. समृद्धीनं डोळे उघडले. लांब टोकाला संडासाचं दार वाऱ्यानं हलत होतं, आणि त्या दारात ते होतं. तोंड नसलेलं. जाग गेली तशी भीती परत आली होती, इमानदारीत. तिचे पाय थबकले.

"आता काय?" किरण जांभई देत म्हणाली.

"दारात कुणीतरी उभं आहे असं वाटतं मला. रोज. हसू नको."

किरणनं हसायची तसदी घेतली नाही. ती खाटेवरून उतरली, चपला शोधल्या, आणि समृद्धीच्या दंडाला धरून चालायला लागली. तिच्या पाठीवर ती निळ्या काठाची गोधडी होती. लसूण, शेंगा, घाम आणि कालची न गेलेली थोडी मुताची घाण, सगळं एकत्र येत होतं. समृद्धीनं नाक वळवलं नाही.

"चल लवकर," किरण म्हणाली. "आणि उद्या चटणी मागव. मी फुकट जागल करत नसते."